तिसरी वायर

धनाजी कांबळेनं साताऱ्यातल्या त्या बंगल्याच्या फाटकावरची पितळी पाटी वाचली आणि स्कूटर स्टँडवर लावायचं विसरून तो तसाच उभा राहिला. पाटी त्याच्या ओळखीची होती. सात वर्षांपूर्वी ती सांगलीत होती, एका दुमजली घराच्या दारावर. त्या दारात उभं राहून घरमालक चिंतामणराव त्याला म्हणाले होते, "तुमच्या बहिणीनं आमच्या घराची अब्रू घालवली. तिचं सामान उचला आणि जा."

धनाजी तेव्हा फौजेत होता. आसामातून गाड्या बदलत तो पोचला, तोवर आम्रपालीला, त्याच्या आमाला, अग्नी देऊन झाला होता. त्याच्या हाती आली ती तिची पत्र्याची ट्रंक, सायकल आणि गावभर पसरलेली एक गोष्ट.

आम्रपाली मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स होती. लोणंदच्या बाजारात कांदे निवडून निवडून बनाबाईनं लेकीला शिकवलं होतं. वस्तीतली ती पहिली नर्स. सुट्टीवर आली की म्हाताऱ्या माणसांची दारात रांग लागायची, हिच्या हातची सुई दुखत नाही म्हणून. सांगलीत ती चिंतामणरावांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. त्या खोलीच्या न्हाणीत मालकांनी गॅसचा गिझर लावून दिला होता. माघातल्या एका सकाळी ती आंघोळीला गेली, ती बाहेर आलीच नाही. ड्यूटीला का आली नाही म्हणून तिच्याबरोबरची नर्स, तिची मैत्रीण दीक्षा बघायला आली. दार फोडलं तेव्हा आमा फरशीवर पडली होती आणि तिचे गाल, दीक्षा सांगायची, नुकत्याच झोपलेल्या माणसासारखे गुलाबी होते.

दीक्षानं भिंतीवरचा गिझर डोळ्यांनी पाहिला होता. दुपारी पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा तिथं गिझर नव्हता. भिंतीला ओला चुना लागलेला होता. चिंतामणरावांनी जबाब दिला की भाडेकरू स्टोव्हवर पाणी तापवत असे, गिझर कधी नव्हताच, आणि त्या मुलीचं कुणाशी तरी काही होतं, तेव्हा तिनं काहीतरी घेतलं असणार. पोस्टमॉर्टेमचा अहवाल मोघम आला. घरमालकाचा शब्द एकीकडे, एका परगावच्या नर्सचा दुसरीकडे. कुणाचा शब्द टिकला हे सांगायला नको. गावापर्यंत येता येता त्या 'काहीतरी'ला पाय फुटले. पोरगी पोटुशी होती, म्हणून विष प्यायली. धनाजीच्या बापानं ते ऐकून अंथरूण धरलं आणि वर्षाच्या आत तो गेला. बनाबाई बाजाराला जातच राहिली. ती बसली की शेजारच्या बायका आपलं सूप जरा पलीकडे सरकवायच्या.

फौजेतून सुटल्यावर धनाजीनं साताऱ्यात विजेच्या कामाची ठेकेदारी सुरू केली. हाताखाली चार माणसं, नाव बऱ्यापैकी. त्या दिवशी माणसं कोरेगावच्या साइटवर अडकली होती, म्हणून तो स्वतः आला होता. फोनवर बोलणाऱ्या माणसानं नुसतं मुकुल एवढंच नाव सांगितलं होतं.

परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दार उघडलं आणि मुकुल हसत पुढे आला. "धनाजीराव ना? या, या. आज रजा टाकून वाटच बघत होतो."

हॉलमध्ये चिंतामणराव पेपर वाचत बसले होते. केस पांढरे झाले होते, पण मान तशीच ताठ. त्यांनी चष्म्यावरून धनाजीकडं एकवार पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. ओळख पटली नाही. असल्या माणसांचे चेहरे ते लक्षात ठेवत नसत.

मुकुलनं टेबलावर चार पांढऱ्या डब्या मांडल्या. तो इंग्लंडात नोकरीला होता, आता पुण्याच्या एका कंपनीत काम धरून बायको-मुलीसह वडिलांकडे राहायला आला होता. "तिकडं आमच्या शेजारी एक जोडपं झोपेतच गेलं," तो म्हणाला. "बॉयलरचा वायू घरात साठला. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला कळतच नाही आपण मरतोय ते. तेव्हापासून माझ्या बायकोनं, ऋचानं धास्ती घेतलीय. म्हणून हे अलार्म आणलेत."

"घरात एवढी हवा खेळती आहे," चिंतामणराव पेपरामागून म्हणाले. "गोऱ्यांची खुळं सगळी."

मुकुलनं तिकडं लक्ष दिलं नाही. एक डबी उलटी करून त्यानं मागचे स्क्रू दाखवले. "दोन वायरी लाइटच्या. ही तिसरी चौघांना एकमेकांत जोडायची. कुठंही वायू साठला की एकजण ओरडतो, आणि तिसऱ्या वायरीमुळं बाकीचे तिघंही ओरडतात. वर काही झालं तर खाली कळलं पाहिजे, खाली झालं तर वर."

धनाजी मान हलवत राहिला. दीक्षा 'गॅस चढला असणार' एवढंच म्हणाली होती. आज त्या गॅसला नाव मिळालं, आणि तेही त्याच माणसाच्या मुलाच्या तोंडून.

काम त्यानं घेतलं. का घेतलं हे त्या घडीला त्यालाही सांगता आलं नसतं. स्वयंपाकघर, हॉल आणि चिंतामणरावांची झोपायची खोली अशा तीन जागा त्यानं दुपारपर्यंत उरकल्या. चौथा अलार्म वरच्या मजल्यावर, न्हाणीच्या दाराबाहेर लावायचा होता.

वर ऋचा मुलीला झोपवत होती. तिनंच त्याला न्हाणी दाखवली. "दादा, आधी इथला लावा. इथं आंघोळीला आले ना की माझं डोकं जड होतं. परवा तर दार धरूनच बाहेर आले. हे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत."

धनाजीनं भिंतीकडं पाहिलं. जुन्या घडणीचा, पिवळट पडलेला गॅसचा गिझर. धूर बाहेर न्यायला पाइप नाही. वरची झडपेची खिडकी बाळाला गार लागू नये म्हणून घट्ट लावलेली.

"हा कुठून आणला?"

"सांगलीच्या घरातला आहे. बाबांनी माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवला होता. वस्तू टाकवत नाहीत ना त्यांना. आम्ही येणार म्हणून वर लावून घेतला. स्वतः मात्र खाली बंबाचंच पाणी घेतात."

ती बाळाकडं वळली. धनाजी स्टुलावर चढला आणि गिझर अन् भिंत यांच्या फटीत त्यानं बॅटरी मारली. कडेच्या पत्र्यावर निळा कागद चिकटलेला होता. कुणीतरी खरवडायचा प्रयत्न केला होता, पण पुरता निघाला नव्हता. 'य भी' एवढी अक्षरं शिल्लक होती. आमाला खोड होती. दीक्षाभूमीवरून ती 'जय भीम'ची निळी चिकटपत्रं गठ्ठ्यानं आणायची आणि दिसेल तिथं लावायची. ट्रंकेवर, डब्यावर, सायकलच्या मडगार्डवर. मालकांच्या नजरेला येऊ नये म्हणून इथं भिंतीच्या बाजूला लावलं असणार.

तो स्टुलावरून खाली उतरला आणि त्यानं बॅटरी विझवली. म्हाताऱ्यानं गिझर लपवला होता. कशानं मेली हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तिच्या पोटावर आणि चालीवर त्यानं चिखल फेकला, आणि मग तीच वस्तू पोत्यात गुंडाळून जपून ठेवली.

आता करायचं ते सोपं होतं. काहीच करायचं नव्हतं. वरच्या अलार्मला दोन वायरी जोडल्या की दिवा लागणार, सगळ्यांना बरं वाटणार. तिसरी वायर टेप गुंडाळून आत कोंबून ठेवली की तो ओरडला तरी वरच्या वरच ओरडणार. वायू बंद दाराबाहेर येऊन तो ओरडेतो आतलं माणूस शुद्धीवर नसणार. मुकुल दिवसभर पुण्यात. म्हातारा खाली, कानानं जड. एक दिवस तोही दार फोडेल आणि फरशीवर बघेल. मग त्याला कळेल.

धनाजीनं दोन वायरी आवळल्या. तिसरीला टेप गुंडाळला. झाकण बसवलं. हिरवा दिवा लागला.

"झालं?" ऋचानं विचारलं. तिनं चहा आणला होता, घरच्यांच्याच कपात.

"झालं," तो म्हणाला. चहा पिऊन जिना उतरताना मात्र तो अर्ध्यात थांबला. "बाई, उद्यापर्यंत वरची न्हाणी वापरू नका. एक काम राहिलंय."

हे आपण का बोललो म्हणून लोणंदपर्यंत तो स्वतःवरच चिडत राहिला.

तो घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. बनाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. धनाजी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पाटी, गिझर, निळा कागद, वायर. सूप एकदाही थांबलं नाही. कागदाचं ऐकल्यावर फक्त जरा हळू झालं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. वायर मोकळी ठिवलीया. त्येचं त्येला फेडू दे."

"त्या पोरीचं नाव काय?"

"ऋचा."

"लेकरू किती मोठं हाय?"

"लहान हाय. बसाय लागलंय आत्ता."

बनाबाईनं सूप खाली ठेवलं. "आन् त्या दोघी मेल्यावर म्हातारा काय करंल?"

"रडंल."

"रडंल. आन् समदं सातारं त्येच्या दारात जाऊन म्हनंल, बिचाऱ्यावर लय वाईट येळ आली. गळ्यात पडतील त्येच्या. आमाच्या टायमाला आपल्या दारात कोन आलं हुतं रं?"

धनाजीनं जमिनीवर सांडलेले ज्वारीचे दाणे वेचून सुपात टाकले.

"त्येचं रडनं घिऊन मी काय करू? त्येचं खोटं उघडं झालेलं पायजे मला. त्येच्या त्वांडानं, हितं, आपल्या वस्तीत. मेल्याला काय कळत न्हाई आन् रडनाऱ्याला कुनी इचारत न्हाई. त्यो जित्ता ऱ्हायला पायजे. समदी त्येच्याकडं बघत असताना जित्ता ऱ्हायला पायजे." तिनं पदरानं हात पुसले. "परक्याची लेक मारून माझी लेक सुटायची न्हाई, धना. सकाळी जाऊन वायर जोड. आन् मला संगं न्हे."

सकाळी बनाबाई धुवट पांढरं लुगडं नेसून स्कूटरवर मागं बसली. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. शनिवार होता, मुकुल घरी होता. ऋचानं म्हातारीला हॉलमध्ये खुर्ची दिली.

"ही कोण?" चिंतामणरावांनी विचारलं.

"माझी आई," धनाजी म्हणाला आणि वर गेला. त्यानं झाकण काढलं, टेप सोडवला आणि तिसरी वायर तिच्या जागी आवळून बसवली. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बटण दाबून अलार्म वाजतो. पण खरा वायू ओळखतो का ते बघू या. वरची न्हाणी रिकामी ठेवून, खिडकी लावून गिझर चालू ठेवतो. दार जरा किलकिलं राहील. तुम्ही सगळे खालीच थांबा."

"ठीक आहे," मुकुल म्हणाला.

"अरे, खिडकी लावून काय!" चिंतामणराव खुर्चीतून अर्धवट उठले. "खिडकी उघडी ठेवा तिथली. बंद खोलीत तो लावायचा नसतो."

ऋचानं मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी रोज खिडकी लावूनच आंघोळ करते. बाळालाही तिथंच घालते."

"सांगायचं काय त्यात? साधी गोष्ट आहे."

"साधी आहे तर मग तुम्ही स्वतः का वापरत नाही?"

चिंतामणरावांनी पेपर उचलला. वर धनाजीनं गिझर चालू केला होता, पाण्याचा आवाज येत होता. मुकुल वडिलांकडं बघत होता, आणि बनाबाईही बघत होती. मुकुलनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं तोच वरचा अलार्म किंचाळला. त्याच क्षणी हॉलमधला, स्वयंपाकघरातला आणि म्हाताऱ्याच्या खोलीतला, तिन्ही एकदम सुरू झाले. कान फाटतील असा आवाज घरभर भरला. बाळ घाबरून रडायला लागलं.

"बंद करा ते," चिंतामणराव ओरडले.

बनाबाई उठली आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "वाजू द्या. माझ्या लेकीला असलं काय न्हवतं वाजायला."

धनाजीनं तोंडाला रुमाल लावून गॅस बंद केला, खिडकी उघडली. आवाज थांबेपर्यंत तो बाहेर थांबला. मग त्यानं पाना घेतला, गिझर भिंतीवरून उतरवला आणि दोन्ही हातांनी खाली आणून हॉलच्या टेबलावर आडवा ठेवला. निळ्या कागदाची बाजू वर.

बनाबाईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे आमानं लावलेलं. आम्रपाली कांबळे. तुमच्या मागच्या खोलीत ऱ्हात हुती. तुमी पोलिसांस्नी सांगितलं, हितं गिझर न्हवताच. मग ह्यो कुठला?"

चिंतामणरावांनी चष्मा काढला. "त्या मुलीनं स्वतःच दाराच्या फटीत कागद कोंबले होते. थंडी वाजते म्हणून. त्यात माझा काय दोष?"

म्हणजे गिझर होता. स्वतःच्याच तोंडानं बोलून गेल्यावर त्यांना ते कळलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"आणि खिडकी?" धनाजीनं विचारलं. "दीक्षा सांगायची, खिडकी तुम्ही विटांनी बुजवली होती. मागं मोटारीची शेड काढायला."

"शेड त्याच वर्षी झाली," मुकुल हळूच म्हणाला. "मला फोटो पाठवला होतात तुम्ही." तो खाली बसला. "मला तुम्ही सांगितलंत, भाडेकरूनं विष घेतलं. मी इंग्लंडातून तुम्हाला धीर देत होतो."

"मी तुरुंगात जायला हवं होतं का तुला?"

"आणि तोच उचलून माझ्या डोक्यावर लावलात?" ऋचानं विचारलं. ती ओरडली नाही. "माहीत असून?"

"इथं खिडकी होती ना," चिंतामणराव म्हणाले.

ऋचा मुलीला घेऊन वर गेली आणि बॅग भरून खाली आली. तिचं माहेर वाईचं. मुकुलनं गाडी काढली. जाताना ती बनाबाईपाशी थांबली, वाकली आणि तिच्या पायांना हात लावला. बनाबाईनं तिला उठवलं नाही की आशीर्वाद दिला नाही. फक्त बाळाच्या पावलाला बोट लावलं.

मग ती म्हाताऱ्याकडं वळली. "येत्या पुनवेला आमच्या विहारात माणसं जमत्यात. तुमी यायचं. पोलिसांकडं तर धना ह्ये घिऊन जाईलच. पर त्येच्या आदी तितं यायचं."

ते येतील असं धनाजीला वाटलं नव्हतं. मुकुलनं आणलं. बापाला गाडीतून उतरवून तो स्वतः दाराशी उभा राहिला. विहारात वंदना नुकतीच संपली होती. पुढच्या ओळीत अर्जुना बसला होता. बाजारात सगळ्यांदेखत 'पोरगी फुगली हुती म्हनं' असं म्हणणारा हाच. शेजारी आपलं सूप सरकवणाऱ्या त्या बायका.

चिंतामणराव उभे राहिले. गिझर होता, तो मी काढून लपवला, खिडकी मी बुजवली, असं त्यांनी सांगितलं. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना मान पुढे काढावी लागत होती.

"पोटुशी हुती का?" बनाबाईनं विचारलं.

"नव्हती."

"मागं ऐकाय गेलं न्हाई."

"नव्हती. कुणाशीही काही नव्हतं तिचं. ते मी रचलं."

अर्जुनानं मान खाली घातली. धनाजीनं चिंतामणरावांवरची नजर हलवली नाही. सात वर्षं त्याला वाटायचं, या माणसाच्या थोबाडीत मारली की जीव गार होईल. आता मारावंसंही वाटत नव्हतं. आणखी ऐकावं, पुन्हा पहिल्यापासून ऐकावं असं वाटत होतं.

चिंतामणरावांनी हात जोडले. "मला माफ करा, बाई."

"माफी मागाय न्हाई बोलावलं," बनाबाई म्हणाली. "बोलाय बोलावलं हुतं. बोललासा. आता जावा."

ते गेले तेव्हा कुणी वाट सोडायला उठलं नाही. त्यांना पायांमधून वाट काढत जावं लागलं.

खटला उभा राहिला, रखडला, पुन्हा उभा राहिला. गिझर पोलिसांच्या खोलीत पडून होता. दीक्षा आता कोल्हापूरला असायची, ती येऊन जबाब देऊन गेली. मुकुलनंही बापाविरुद्ध साक्ष दिली आणि ऋचाबरोबर वाईला बिऱ्हाड केलं. चिंतामणराव साताऱ्याच्या घरात एकटे राहत आणि तारखेला एसटीनं सांगलीला येत. वकील बदलले, न्यायाधीश बदलले. म्हातारा काठीवर आला.

धनाजीनं एकही तारीख चुकवली नाही. त्याची काही गरज नव्हती, त्याची साक्ष कधीच होऊन गेली होती. कामं माणसांवर टाकून तो सकाळीच निघायचा आणि म्हाताऱ्याची नजर जाईल अशा बाकावर बसायचा.

एकदा कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीपाशी, चिंतामणराव त्याच्याजवळ आले.

"कांबळे," ते म्हणाले, "अजून किती वर्षं येणार आहात तुम्ही?"

"तुमी येताय तवर," धनाजी म्हणाला. चहाचा पेला त्यानं टपरीच्या फळीवर ठेवला आणि पुढचा बाक भरायच्या आधी तो कोर्टात गेला.